मेलमधली लिंक दाबण्याआधी: माहिती उकळणारे मेल ओळखायचे आणि टाळायचे कसे

शुद्धलेखन चुकलंय का, बोधचिन्ह धुरकट आहे का, यावरून खोटा मेल ओळखायचा, ही जुनी शिकवण आता निकामी झाली आहे. आजचे फसवे मेल शुद्ध मराठीत येतात आणि बोधचिन्ह खऱ्या संकेतस्थळावरूनच उचललेलं असतं. तरी बहुतेक जण तेवढंच बघतात आणि "बरोबर दिसतंय" म्हणून लिंक दाबतात. दुसरा घोळ क्रमाचा. लिंक उघडून झाल्यावर, कधी कधी ओटीपी देऊन झाल्यावर लोक चौकशीला लागतात.

म्हणून मेल खरा की खोटा याचा निकाल लावत बसू नका. मेलने सांगितलेलं काम करायचंच असेल तर ते मेलच्या बाहेरून, आपल्या ओळखीच्या वाटेने करा. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. पहिला टप्पा एकदाच करायचा आहे, त्याला साधारण अर्धा तास लागेल.

## टप्पा १: तुमचं मेल खातं तुमचंच आहे का?

मराठवाड्यात असंख्य जीमेल खाती मोबाइलच्या दुकानात, आपले सरकार सेवा केंद्रात किंवा नेट कॅफेत उघडली गेली आहेत. महाडीबीटीचा अर्ज भरायचा होता, सीईटीचा फॉर्म होता, पीकविमा होता. ऑपरेटरने दोन मिनिटांत मेल आयडी काढून दिला. पासवर्ड तुमचा मोबाइल नंबर किंवा नावापुढे १२३, आणि रिकव्हरीला (पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायला) ऑपरेटरचाच नंबर. त्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण तो नंबर उद्या बंद पडून दुसऱ्याला गेला किंवा ते दुकानातलं कॉम्प्युटर कुणाच्या हाती लागलं, तर तुमच्या खात्याची किल्ली तिथे पडलेली आहे.

१. स्वतःच्या फोनवर जीमेल उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारा, 'मॅनेज युवर गूगल अकाउंट'मध्ये जा आणि 'सिक्युरिटी' हा भाग उघडा.

२. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल पाहा. तिथे दुसऱ्याचा नंबर असेल तर आधी तो काढून आपला घाला. पासवर्ड नंतर. लोक नेमकं उलटं करतात: पासवर्ड बदलतात, जुना रिकव्हरी नंबर तसाच राहतो आणि त्या नंबरवरून नवा पासवर्डही बदलता येतो.

३. आता पासवर्ड बदला. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द आणि मध्ये एखादा आकडा, असा किमान १४ अक्षरांचा. मुलांची नावं, गाव, जन्मसाल नको. हा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही.

४. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू करा. तिथेच १० बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर लिहून पासबुक, सातबारा ठेवता त्या पिशवीत ठेवा. फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवले तर फोन हरवल्यावर काही उपयोग नाही.

५. 'युवर डिव्हायसेस'च्या यादीत अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर तिथून साइन आउट करा. कॅफेतली जुनी लॉगिन इथेच सापडतात.

६. बँक, आयकर, पीएफ, विद्यापीठ, शिष्यवृत्ती यांचे पत्ते एका वहीत लिहा किंवा ब्राउझरमध्ये बुकमार्क करा. पत्ता पासबुकावरून किंवा विद्यापीठाच्या छापील पत्रावरून घ्या, मेलमधून नको.

तपासा: ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत नवीन पासवर्डने लॉगिन होतंय का पाहा. रिकव्हरी नंबर घरातल्या चालू सिमचा आहे ना?

## टप्पा २: मेल मागतोय काय, ते आधी वाचा

पाठवणाऱ्याचा पत्ता बघण्याआधी मागणी बघा. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्याला येऊ शकेल असा एक नमुना घेऊ:

"प्रिय सदस्य, आपल्या यूएएनची केवायसी अपूर्ण असल्याने आपले पीएफ खाते आज रात्री १२ नंतर गोठवण्यात येईल. खाते चालू ठेवण्यासाठी खालील बटण दाबून आधार क्रमांक, पॅन, बँक खाते क्रमांक व मोबाइलवर आलेला ओटीपी नोंदवावा."

यूएएन म्हणजे पीएफ सदस्याचा क्रमांक. भाषा सरकारी, चूक एकही नाही. आता एकेक सुटं करून पाहू.

"प्रिय सदस्य" म्हणजे पाठवणाऱ्याला तुमचं नाव माहीत नाही. पण नाव असलं तरी खात्री धरू नका. नाव, नंबर, कंपनी यांच्या चोरलेल्या याद्या विकल्या जातात.

"आज रात्री १२ नंतर" ही घाई मुद्दाम आहे. केवायसी अपुरी असेल तर पैसे काढताना दावा अडकू शकतो, पण रात्रीतून पैसे बुडत नाहीत. ही मुदत एवढ्यासाठीच, की तुम्ही सकाळी एचआरला विचारू नये.

मेलचा खरा जीव शेवटच्या शब्दात आहे: ओटीपी. आधार, पॅन हे बऱ्याचदा चोराकडे आधीच असतं. तुम्ही त्याच्या बनावट पानावर माहिती टाकता त्याच मिनिटाला तो खऱ्या पोर्टलवर तीच माहिती टाकतो. त्यामुळे तुमच्या मोबाइलवर येणारा ओटीपी खऱ्या कार्यालयाचा, खऱ्या नावाने आलेला असतो. "ओटीपी तर खरा आला, मग साइट खोटी कशी?" असं म्हणून भलेभले इथेच फसतात. ओटीपी खरा असल्याने पान खरं ठरत नाही.

ओटीपी, पासवर्ड, यूपीआय पिन, एटीएम पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे मागणारा मेल इथेच थांबवा. पुढचे टप्पे तपासायची गरज नाही. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

आपल्याकडे हंगामाप्रमाणे सोंगं बदलतात. जुलैपासून आयकर परतावा. नीटच्या निकालानंतर लातूर-नांदेडच्या पोरांना "राखीव जागा" आणि समुपदेशनाचे मेल. अतिवृष्टीनंतर अनुदानाची ई-केवायसी. वर्षभर एमआयडीसीतल्या नोकरीचं ऑफर लेटर, ज्यात रुजू होण्याआधी गणवेश आणि मेडिकलचे पैसे मागतात. शिवाय सीबीआय किंवा पोलिसांच्या नावाची पीडीएफ नोटीस, "२४ तासांत उत्तर द्या नाहीतर अटक" अशी. मेलवर किंवा व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कायद्यात नाही.

## टप्पा ३: नाव नव्हे, पत्ता वाचा

मेलमध्ये ठळक दिसणारं नाव पाठवणारा स्वतः टाइप करतो. तिथे "आयकर विभाग" लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

१. जीमेल अ‍ॅपमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखाली 'टू मी' असं लिहिलेलं असतं, त्यावर टिचकी मारा. पूर्ण पत्ता उघडतो.

२. 'अ‍ॅट'च्या चिन्हानंतरचा भागच वाचा. चिन्हाआधीचा भाग कुणीही हवा तसा घेऊ शकतो. सरकारी कार्यालयाचा पत्ता सहसा डॉट जीओव्ही डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन, विद्यापीठ-महाविद्यालयाचा बऱ्याचदा डॉट एसी डॉट इन असा संपतो. जीमेल डॉट कॉमवरून आयकराची नोटीस येत नाही.

३. 'रिप्लाय-टू' हा वेगळा पत्ता दिसतोय का? पाठवणारा एक आणि उत्तर जाणार भलतीकडे, तर उत्तर देऊ नका.

४. अक्षरं मोठी करून पाहा. इंग्रजीतले आर आणि एन चिकटून आले की एम दिसतो. लहान एल, मोठा आय आणि एक हा आकडा सारखेच भासतात.

५. कॉम्प्युटरवर असाल तर मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' उघडा. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा, पाठवणाऱ्याचा पत्ता तपासल्याच्या ओळी दिसतील. समोर 'फेल' असेल तर मेल त्या पत्त्यावरून निघालेलाच नसण्याची शक्यता दाट.

सावध: तिन्ही 'पास' असले म्हणजे मेल भला, असं नाही. चोराने स्वतःचं डोमेन (पत्त्यातलं 'अ‍ॅट'नंतरचं नाव) विकत घेतलं असेल तर तेही पास होतं. आणि खऱ्या माणसाचं खातं चोरून त्यातूनच मेल पाठवला असेल तर हा अख्खा टप्पा पार होतो. ओळखीच्या पत्त्यावरून विचित्र मागणी आली तर फोन करा.

## टप्पा ४: लिंक दाबू नका, वाचा

बटणावर 'अधिकृत पोर्टल' लिहिलेलं असतं. आत पत्ता कुठलाही असू शकतो. मोबाइलवर लिंकवर बोट दाबून धरा, म्हणजे खरा पत्ता दिसतो. झटक्यात टिचकी मारली तर ती उघडेल, तेव्हा बोट टेकवूनच ठेवा. कॉम्प्युटरवर माउस नुसता वर न्या, खाली डाव्या कोपऱ्यात पत्ता येतो.

पत्ता वाचायचा तो असा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर पुढे जा आणि पहिली एकटी तिरपी रेघ जिथे येते तिथे थांबा. तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. मालक शेवटच्या दोन-तीन तुकड्यांत कळतो.

- 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' आणि मग तिरपी रेघ: आयकर खात्याचा.
- 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट रिफंड-चेक डॉट टॉप' आणि मग तिरपी रेघ: 'रिफंड-चेक डॉट टॉप' ज्याने घेतलं त्याचा. पुढचं सगळं नुसती सजावट.
- 'इन्कमटॅक्स-जीओव्ही डॉट इन': मध्ये टिंब नाही, आडवी रेघ आहे. हा सरकारी नव्हे.

डावीकडून वाचायची सवय असल्याने नजर पहिल्या दोन शब्दांवर थांबते. सापळा त्याच सवयीवर लावलेला असतो, आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर पत्त्याची शेपटी कापली जाते ते वेगळंच.

बँकांसाठी एक खूण कामाची आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा पत्ता बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. पतसंस्था ही बँक नव्हे, तेव्हा तिच्या पत्त्याला ही कसोटी लावू नका. तिथे शाखेत जाणंच बरं.

हे पुरावे धरू नका:
- कुलपाचं चिन्ह किंवा सुरुवातीचं एचटीटीपीएस. त्याचा अर्थ एवढाच की वाटेत कुणी वाचत नाही. समोर चोर बसला असेल तर माहिती त्याला सुरक्षितपणे पोचते.
- "आधी चुकीचा पासवर्ड टाकून बघा, खोटी साइट तो घेते." काही बनावट पानं तुमचा पासवर्ड तत्क्षणी खऱ्या साइटवर तपासतात आणि चुकीचा असेल तर "चुकीचा" असंच दाखवतात.
- क्यूआर कोड. तीही लिंकच आहे, फक्त डोळ्यांना वाचता येत नाही. मेलमधला कोड स्कॅन करू नका.

उलट एक खूण भरवशाची आहे. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवला असेल आणि नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला जात नसेल, तर हाताने टाइप करू नका. डोळा फसतो, ब्राउझर अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो.

## टप्पा ५: जोडलेली फाइल

नावाच्या शेवटचा तुकडा पाहा. शेवटी एपीके असेल तर ती फाइल नाही, अ‍ॅप आहे. टाकलंत तर ते तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, वाचू शकतं. कोणतीही बँक किंवा सरकारी योजना मेलवरून एपीके पाठवत नाही. शेवटी एचटीएमएल असेल तर ते बऱ्याचदा लॉगिनचं बनावट पान असतं, जे थेट तुमच्या फोनमध्येच उघडतं, म्हणून वर संशयास्पद पत्ताही दिसत नाही. 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' अशी दुहेरी शेपटी असेल तर शेवटचीच खरी. झिप फाइल आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये असेल तर कुलूप तुमच्यासाठी नाही. व्हायरस तपासणीला आत डोकावता येऊ नये म्हणून आहे.

पीडीएफ उघडून वाचणं त्या मानाने कमी जोखमीचं. पण आतलं बटण किंवा नंबर हीसुद्धा मेलचीच लिंक समजा.

## टप्पा ६: बाहेरून खात्री करा

मेल बंद करा आणि वहीतल्या पत्त्यावरून जा.

आयकर: १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, असावा लागतो. आयकर पोर्टलच्या पहिल्या पानावर नोटीस पडताळण्याची सोय आहे. लॉगिन न करताही क्रमांक खरा का ते कळतं. परतावा असेल तर तो पोर्टलवर आधी पडताळलेल्या बँक खात्यात येतो, त्यासाठी मेलमध्ये खाते क्रमांक भरायचा नसतो.

पीएफ: ईपीएफइंडिया डॉट जीओव्ही डॉट इनवरून स्वतः जा किंवा एचआरला विचारा.

प्रवेश, शिष्यवृत्ती: अर्ज भरलेल्या पोर्टलवर आपल्या लॉगिनमध्ये संदेश दिसतोय का पाहा. तिथे नसेल तर मेल सोडून द्या.

नोकरी: कंपनीच्या गेटवर किंवा संकेतस्थळावरच्या नंबरवर विचारा. रुजू होण्याआधी पैसे मागितले की विषय संपला.

सावध: मेलमधल्या नंबरवर फोन करून खात्री करणं म्हणजे चोरालाच विचारणं. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून पहिला नंबर फिरवणंही तितकंच धोक्याचं, कारण बनावट नंबर तिथेही पेरलेले असतात. नंबर एटीएम कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्या.

दुकान, जिनिंग, बियाणे किंवा स्टीलचा धंदा असेल तर आणखी एक. नेहमीच्या व्यापाऱ्याचा मेल येतो: "आमचं बँक खातं बदललं आहे, या वेळचं पेमेंट नवीन खात्यावर करा." बिल खरं, रक्कम खरी, खातं तेवढं चोराचं. जुन्या नंबरवर फोन करून समोरच्या माणसाच्या तोंडून खाते क्रमांक ऐकल्याशिवाय पैसे सोडू नका. एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. ते नाव वाचा.

## टप्पा ७: कागदपत्र द्यायचंच असेल तर

मागणी खरी निघाली तरी सगळं देऊ नका. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर 'मास्क्ड आधार' मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. चालत असेल तिथे तेच द्या. इतर झेरॉक्सवर आडवं लिहा: कुणासाठी, कशासाठी, तारीख. हे लिखाण फोटोवर किंवा कडेला नव्हे, मजकुरावर यावं. नाहीतर चोर कडा कापून टाकतो. आधार, पॅन, कोरा रद्द धनादेश आणि सेल्फी हे चारही एकाच मेलमध्ये मागत असतील तर फार जपून. एवढ्यावर तुमच्या नावाने कर्ज काढण्याचा प्रयत्न होऊ शकतो.

## टप्पा ८: माहिती गेली, तर या क्रमाने

मेल डिलीट करू नका. लाजेपोटी किंवा भीतीने लोक आधी तेच करतात आणि पुरावा जातो.

पैसे गेले असतील: आधी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) वर फोन, लगेच बँकेला. पोलीस ठाण्याची फेरी त्यानंतर. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात मिनिटांत फिरतो. १९३० वरून तो वाटेतच गोठवता येतो, पण उशीर झाला तर खातं रिकामं सापडतं. फोन करताना हाताशी ठेवा: रक्कम, तारीख-वेळ, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, बँकेचं नाव. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार पूर्ण करा आणि पोच क्रमांक जपून ठेवा.

बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर जबाबदारी शून्य. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून चूक आपली असली तरी कळवण्याची वेळ महत्त्वाची.

पासवर्ड गेला असेल: पुढच्या पायऱ्या दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून करा. एपीके टाकलं असेल तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद.

१. रिकव्हरी नंबर आणि ईमेल तपासा, मग पासवर्ड बदला.
२. सर्व डिव्हायसेसवरून साइन आउट करा.
३. कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' उघडा. चोर इथे गुपचूप नियम लावून ठेवतो: बँकेचे मेल आपल्याकडे वळवायचे आणि तुमच्याकडून डिलीट करायचे. पासवर्ड बदलल्याने तो नियम जात नाही. ही पायरी बहुतेकांची राहते.
४. खात्याला जोडलेली अनोळखी अ‍ॅप काढा.
५. तोच पासवर्ड जिथे जिथे होता तिथे बदला, बँक सर्वात आधी.

चोराने रिकव्हरी नंबर बदलून तुम्हालाच बाहेर काढलं असेल तर थांबू नका. बदलानंतर सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. रोजच्या फोनवरून (त्यात एपीके टाकलेलं नसेल तर), रोजच्याच ठिकाणाहून प्रयत्न करा. अनोळखी कॅफेतून केला तर गूगलला तुम्हीच चोर वाटाल.

फक्त कागदपत्रं गेली असतील: आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, मदतीला १९४७. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते पाहा, अनोळखी असेल तर तिथूनच कळवा. क्रेडिट अहवाल (तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद) वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून मोफत मिळतो. आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत, तेव्हा चारही अहवाल एकदम काढू नका. दर तीन महिन्यांनी एकेक काढा, म्हणजे वर्षभर पहारा राहतो. न घेतलेलं कर्ज किंवा माहीत नसलेली चौकशी दिसली तर त्या क्रेडिट कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवा, सोबत सायबर तक्रारीचा पोच क्रमांक जोडा.